घाट उतरलेल्या गाडीचे पाय

आबांचे हात कापतात, असं मी चार माणसांत बोलले. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचे हात कापत नव्हते. कापत होती गाडी, आणि तीही बहुतेक माझ्यामुळंच. सांगायचं आहे ते एवढंच. पण नुसतं एवढं सांगितलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, म्हणून हापशापासून सुरुवात करते.

आमची शेती पिशोरला. कापूस, मका, विहिरीच्या कडेला थोडा भाजीपाला. आम्हा भावंडांच्या शाळेसाठी आबांनी उस्मानपुऱ्यात घर केलं आणि स्वतः मात्र जन्मभर दोन्हीकडं राहिले. शनिवारी आमची शाळा सुटली की जीप पिशोरच्या वाटेला लागायची आणि रविवारी दुपार कलली की परत. हिरवी जीप होती ती, वर ताडपत्री. मागं पोती, पोत्यांवर भाऊ, पुढं आई, आणि आई नि आबांच्या मध्ये, गिअरला गुडघा लागेल अशी, मी.

परतताना फुलंब्री मागं पडली की चौक्याचा घाट. घाट म्हणजे फार मोठा नव्हे, सह्याद्रीतले घाट पाहिलेला माणूस हसेल. पण मागं पोती भरलेली असली की आबा तो दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, एक शब्द न बोलता उतरायचे. उतारभर चाकांतून वास यायचा, जळक्या चिंधीचा आणि तापल्या लोखंडाचा मिळून. तो वास नाकात गेला की मी सीटच्या टोकाला सरकायची. आता हापसा येणार.

घाटाच्या पायथ्याशी एका लिंबाखाली तो हापसा होता. आबा जीप बाजूला घ्यायचे, सीटखालचा पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जा माय. पाय धुव तिचे."

पिशोरच्या घरात बाहेरून आलेलं कुणीही पायांवर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. दाराशी रांजण आणि त्यावर तांब्या कायमचा. शेतातून आलेल्या बैलांच्या खुरांवरसुद्धा पाणी पडायचं, मग ते गोठ्यात जायचे. जीप पहिल्यांदा घरी आली तेव्हा बायकांनी आधी तिच्या चाकांवर पाणी ओतलं आणि मग ओवाळलं, असं आई सांगायची. तेव्हा घाट उतरून दमलेल्या जीपचे पाय धुवायचे, यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी धूत असतील असं मी धरून चालले होते.

भाऊ दांडा हापसायचा, मी डबा भरायची आणि चाकाच्या मधोमध पाणी फेकायची. चर्र आवाज यायचा, पांढरी वाफ उठायची, मी किंचाळून मागं पळायची आणि हसत पुन्हा डबा घेऊन पुढं. पाणी फेकायचं काम माझंच होतं. भावानं त्यावरून भांडून पाहिलं, पण आबांनी डबा त्याच्या हातात कधी दिला नाही. चारी चाकं झाली की ते बोनेटवर तळहात ठेवायचे. "दमली होती. आता बरं वाटंल तिला." मग आम्ही आपापले पाय धुवायचो आणि पेरू खायचो. घरी पोचेपर्यंत माझ्या फ्रॉकला त्या वाफेचा वास असायचा.

जुन्या जीपच्या चाकांत ब्रेकचे ड्रम असायचे, जाडजूड, झाकलेले. त्यांचं पाण्यानं फारसं काही बिघडलं नाही. हे मला आत्ता कळलं आहे.

कॉलेजात असताना आबांनी मला गाडी शिकवली, पिशोरच्या शिवाररस्त्यावर. मी स्टेअरिंग घट्ट आवळून धरायची. ते म्हणायचे, "वाळत घातलेला पापड उचलतीस ना, तसं धर. रस्ता काय सांगतोय ते हाताला कळू दे." त्यांच्या हातांना ते कळायचं. चालत्या गाडीत मध्येच म्हणायचे, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी झाली वाटतं. उतरून पाहावं तर खरंच झालेली असायची. आम्हाला त्याचं नवल वाटायचं बंद झालं होतं, इतकं ते नेहमीचं होतं. म्हणजे त्या हातांवर विश्वास ठेवायला सगळ्यांत जास्त कारण कुणाला असेल, तर ते मला होतं.

आणखी एक. माझं लग्न सिल्लोडला झालं होतं. ते टिकलं नाही. का, ते इथं सांगत नाही, कारण आबांनीही कधी विचारलं नाही. मी एका सकाळी शेजारच्या घरून फोन केला आणि दुपारी जीप दारात उभी राहिली. आबांनी सासऱ्यांना नमस्कार केला, माझी पेटी उचलली आणि म्हणाले, "चल माय." घाट उतरला, वास आला, जीप हापशाला थांबली. मी तशीच बसून राहिले. आबांनी डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी उतरले. या खेपेला दांडा त्यांनी हापसला, मी चाकांवर पाणी टाकलं, चर्र झालं, वाफ उठली. मग ते हापसतच राहिले. मी पाय धुतले, तोंड धुतलं, आणि मग बराच वेळ तोंडच धूत राहिले. ते थांबले नाहीत. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी जमिनीतलं सगळं पाणी वर काढलं असतं, मी पुरे म्हणाले नसते तर.

त्या माणसाची गाडी मी काढून घेतली.

आता आई नाही. भाऊ पुण्यात असतो. उस्मानपुऱ्याच्या घरात आबा आणि मी. मी एका सरकारी कचेरीत काम करते, जाते-येते स्कूटीवर. जीप कधीच गेली, नंतर आलेली छोटी गाडी आबाच वापरायचे. ऐंशीच्या घरात आले तरी त्यांची पिशोरची खेप चुकायची नाही. सकाळी जायचे, बांधावरून फेरी मारायचे, गड्याशी भांडायचे आणि दिवस मावळायच्या आत खुशीत परत यायचे.

गेल्या हिवाळ्यात हुरड्याला म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. परतताना घाटात ट्रक अडकलेले, उतारभर ब्रेक लावत लावतच यावं लागलं. पायथ्याशी आलो. हापसा आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात तो आणि लिंब दोन्ही गेले. तरी आबांनी सवयीनं वेग कमी केला. काचेतून तोच वास आत आला, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "थांबा आबा. पाय धुते तिचे."

ते हसले. म्हणाले, "हिला लागत नाय ते. ही शहरातली हाये."

मी ऐकलं नाही. डिकीत पाण्याचा कॅन होता. या गाडीच्या चाकांतून आतली चकचकीत लोखंडी तबकडी दिसते. तिलाच डिस्क म्हणतात, ब्रेक दाबला की दोन्हीकडून तिला चिमटा बसतो आणि गाडी थांबते. मी नेमकं त्या तबकडीवर पाणी ओतलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. चर्र आवाज जीपपेक्षा मोठा आला. वाफ उठली. पन्नाशीला टेकलेली बाई रस्त्याच्या कडेला टाळ्या पिटायची तेवढी राहिली होती. आबा आत बसून आरशात बघत होते आणि हसत होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकदम असे खूश झालो नव्हतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी आबा पिशोरहून आले आणि चहा घेताना म्हणाले, "ब्रेक दाबला की स्टेअरिंग कापतंय, माय."

मी त्यांच्या बशीकडं बघत होते. ते अजून बशीतच चहा पितात. बशी ओठांपर्यंत जाताना हलत होती आणि कडेवरून एक थेंब धोतरावर पडला. मी तो थेंब पाहिला आणि ते काय म्हणाले ते सोडून दिलं. भावाला फोन केला. तो म्हणाला, आता त्यांच्या हाती गाडी देऊ नकोस, काही झालं तर लोक आपल्यालाच बोलतील. आपल्यालाच हा शब्द मला खटकायला हवा होता. उलट बरं वाटलं, कुणीतरी माझ्याच मनातलं बोललं म्हणून.

पुढं पिशोरला भावकीत साखरपुडा होता. आम्ही पोचलो तेव्हा पंगत बसत होती. माझे एक चुलते आहेत, त्यांच्या तोंडाला कुणी लागत नाही. त्यांनी आबांना पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की गाडी आणली का बैल जुंपून आणली, एवढा उशीर. आबा पाटावर बसत म्हणाले, जोरात आणता येत नाही, ब्रेक दाबला की स्टेअरिंग कापतंय.

मी त्यांच्या समोरच्या रांगेत होते. मी म्हणाले, "स्टेअरिंग कुठलं, हातच कापतात त्यांचे."

असं का बोलले ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. काळजीनं बोलले असं म्हणता येईल. पण काळजीचं बोलणं घरी बोलता आलं असतं. पंगतीत बोलले, कारण तिथं आबा वाद घालणार नाहीत हे मला माहीत होतं.

लोक हसले. चुलते म्हणाले, "मंग आता मागं बसत जा आबा, कलेक्टरवानी. पोरगी चालवंल." पुन्हा हसले. आबा भात कालवत होते. त्यांनी भातात आणखी वरण मागितलं आणि खाली मान घालून जेवले.

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. मी शेजारी बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवली होती. घाटात ब्रेक लागला की स्टेअरिंगवरचे ते दोन्ही हात थरथरायचे, मनगटापर्यंत. मी मनात म्हटलं, हेच ते. हातांमुळं स्टेअरिंग थरथरतंय की स्टेअरिंगमुळं हात, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. पायथ्याशी गाडी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली दारामागच्या खिळ्याला लावली. मी काही मागितली नव्हती. लावताना म्हणाले, "ब्रेक दाबल्यावरच कापतं, माय. एरवी नाय."

मी म्हणाले, "बरं."

त्यांचं ते शेवटचं बोलणं त्या विषयावर. नंतर गाडीवर कापड आलं. पिशोरची कामं फोनवर व्हायला लागली आणि फोनवर गड्याशी भांडण रंगत नाही, त्यामुळं तेही कमी झालं. आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसायला लागले. चहा बशीतून प्यायचं सोडून स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही हातांत धरून प्यायला लागले. कुणी घरी आलं की हात मांडीखाली घेऊन बसायचे. मी ते पाहत होते आणि स्वतःला सांगत होते की म्हातारपण आहे. हळूहळू त्यांनाही ते पटलं. हेच मला सगळ्यांत जास्त लागतं. ज्या हातांना चाकातली हवा कळायची, त्यांच्यावर त्यांनी माझ्या सांगण्यावरून अविश्वास धरला.

मग फुलंब्रीला आमच्या कचेरीतल्या एकीची आई गेली. भेटायला जायचं होतं. ऊन फार होतं म्हणून गाडी काढली. जाताना रस्ता मोकळा होता, विशेष काही जाणवलं नाही. थोडं हललं असेल तर मी रस्त्यावर ढकललं. येताना घाट लागला. पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर हळू चालला होता. मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग माझ्या हातांत थरथरायला लागलं.

आधी मी माझ्या हातांकडं पाहिलं. खरंच पाहिलं. पाय उचलला, स्टेअरिंग शांत. दाबला, पुन्हा थरथर, कोपरापर्यंत. सोडला, शांत. ब्रेक दाबल्यावरच. एरवी नाही.

पायथ्याशी, जिथं हापसा होता त्या जागेच्या आसपास, मी गाडी कडेला घेतली आणि बसून राहिले. काचेतून तो वास आत येत होता. मला घरी जायची भीती वाटत होती, जशी सिल्लोडहून येताना वाटली होती. तेव्हा निदान चूक माझी नव्हती.

घरी गेल्यावर मी आबांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाडी सर्व्हिसिंगला टाकते. मनात बेत असा होता की गुपचूप दुरुस्त करून घ्यायची आणि मग मोठ्या मनानं किल्ली त्यांच्या हातात द्यायची, जपून चालवा म्हणायचं. म्हणजे त्यांना गाडी मिळेल आणि माझं काही जाणार नाही. हा बेत मी पूर्ण शुद्धीवर असताना केला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. मिस्त्री माझ्याच वयाचा, बोलघेवडा, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. स्टेअरिंग हलतं म्हटल्यावर त्यानं पुढचं ऐकूनच घेतलं नाही, चाकं बॅलन्स करायला पाठवली. ती होऊन आली, गाडी तशीच. मग अलाइनमेंट. गाडी तशीच. तेव्हा तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, चला, दाखवा. रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

"बाजी, ब्रेक मारे तोच हिलता क्या? वैसा सीधा चलाए तो नै हिलता?"

मी म्हणाले, ब्रेक मारल्यावरच.

"तो पैले बोलना था ना. बॅलन्सिंग में टाइम गया खाली-पिली."

पैले बोलना था. मला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, चहा पिताना आणि पुन्हा किल्ली खिळ्याला लावता लावता. ते मी मिस्त्रीपर्यंतही पोचवलं नव्हतं.

गॅरेजात त्यानं गाडी जॅकवर उचलून पुढचं चाक काढलं. आधी आतले बोल्ट पाहिले, चिमट्याच्या पिना मोकळ्या हलतात का ते पाहिलं. ते ठीक होतं. मग एक स्क्रू-ड्रायव्हर असा टेकवून धरला की त्याचं टोक डिस्कला जेमतेम शिवेल, आणि डिस्क हातानं हळू फिरवली. एका जागी टोक घासायचं, पुढं फिरलं की मध्ये फट दिसायची, पुन्हा घासायचं. डिस्क सपाट राहिली नव्हती. ब्रेकचा चिमटा त्या उंचवट्यावर बसला की धक्का, उतरला की सैल, आणि तो धक्का सरळ स्टेअरिंगपर्यंत. डिस्कवर एका बाजूला निळसर डाग होता, तवा जास्त तापल्यावर पडतो तसा.

मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं, "गरम डिस्क पे पानी-बिनी डाले थे क्या कब्बी? घाट-वाट उतर के?"

मी म्हणाले, "नाही."

शेजारच्या टायरवाल्यानं तिकडून सांगितलं की पाण्यानं काही होत नाही, ब्रेक पॅडचा माल डिस्कला चिकटतो म्हणून असं होतं. मिस्त्रीनं त्याला स्वतःच्या टायरांकडं बघायला सांगितलं. त्यांचा वाद बराच चालला. खरं कोण ते मी आजही सांगू शकत नाही. पण मी ज्या झटक्यानं नाही म्हणाले, त्यावरून माझं मला कळलं होतं.

लेथवर घासून सपाट करावं इतकी जाडी त्या डिस्कमध्ये उरली नव्हती. दोन्ही बाजूंच्या नव्या टाकल्या, पॅडही नवे. मिस्त्रीनं बजावलं की सुरुवातीचे दिवस जोरात ब्रेक मारायचा नाही, हलके हलके दाबत बसवायचे. जुन्या डिस्क त्यानं गोणपाटात बांधून डिकीत टाकल्या. स्टेशन रोडवर मी पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. स्टेअरिंग गुपचूप. इतकं गुपचूप की मला रडू यायला लागलं.

घरी आले तेव्हा आबा व्हरांड्यात होते. हात मांडीखाली. किल्ली माझ्या मुठीत होती आणि वाक्य तोंडात तयार होतं. त्यांनी विचारलं, "काय काम निघालं?"

सर्व्हिसिंग, असं म्हणायचं होतं. मी डिकी उघडली, गोणपाट आणलं आणि त्यांच्या पायाशी सोडलं.

"आबा, हात नव्हते कापत तुमचे. गाडी कापत होती."

त्यांनी मांडीखालून हात काढले. एक डिस्क उचलून मांडीवर घेतली, टॉवेलानं पुसली आणि अंगठा तिच्यावरून गोल फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला. मिस्त्रीला स्क्रू-ड्रायव्हर लागला होता.

"हितं निळं पडलंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पाणी."

"मी ओतलं होतं. हुरड्याच्या वेळेस. तुम्ही नको म्हणत होता."

"सवय कुणी लावली तुला? मीच ना." त्यांनी डिस्क उलटी करून पाहिली. मला वाटलं, झालं, मिटलं. इतक्या स्वस्तात मिटलं म्हणून मी बरंही वाटून घेणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "पण पाण्याचं काय नाय. ते पंगतीत बोललीस ना माय, ते तिथंच सांग."

आवाज चढलेला नव्हता. पेला आण म्हणतात तशाच सुरात बोलले. मी हो म्हणाले आणि आत जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

रविवारी आम्ही पिशोरला गेलो. गाडी आबांनी चालवली. मी नुसती शेजारी बसले होते आणि त्यांचे हात बघत होते, पापड उचलावा तसे स्टेअरिंगवर ठेवलेले. गावात शिरल्यावर त्यांनी घराकडं न वळता गाडी थेट मारुतीच्या पारापाशी नेली. पारावर नेहमीची मंडळी होती आणि त्यांत चुलतेही. आबा उतरले नाहीत. काच खाली करून बसून राहिले.

चुलत्यांनी पाहिलंच. "का हो आबा, कलेक्टर व्हायचं ठरलं हुतं ना? ड्रायव्हरच ऱ्हायलात?"

मी उतरले. पारावर बसलेल्या पुरुषांसमोर उभं राहून बोलायची मला सवय नाही. जे बोलले ते सरळ बोलले असं नाही, अडखळत बोलले. "काका, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. आबांचे हात कापत नव्हते. ब्रेकची डिस्क वाकडी झाली होती. घाट उतरल्यावर तापलेल्या चाकावर मीच पाणी ओतलं, म्हणून."

मग चुलते म्हणाले, "म्हंजे बाई, तू पाय धुतलेस आन् तिला भरली हुडहुडी."

सगळे हसले. या वेळी ते मला हसत होते, आणि गाडीतून एक खोकल्यासारखा आवाज आला तो आबांचा होता. ते हसताना तसेच खोकतात. मग ते उतरले, पारावर जागा करून घेतली आणि चुलत्यांना डिस्क म्हणजे काय ते समजावायला लागले. ते इतकं लांबलं की मला दोनदा चहाची आठवण करून द्यावी लागली.

परतताना घाट त्यांनी जुन्यासारखाच उतरला, खालच्या गिअरमध्ये, न बोलता. पायथ्याशी गाडी बाजूला घेतली. वास आला होता, थोडा. मी सवयीनं उतरून डिकीतला कॅन काढला.

"थांब. निवू दे आधी."

आम्ही रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. फुलंब्रीला घेतलेले पेरू खाल्ले. ट्रक जात होते, धूळ उडत होती, लिंब कुठं होता यावर आमचं एकमत झालं नाही. मधूनमधून आबा उठायचे आणि चाकाजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायचे, तव्याची धग बघतात तशी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता ओत."

मी ओतलं. आवाज झाला नाही, वाफ उठली नाही. पाणी चाकावरून नुसतं खाली वाहून गेलं. आबांनी मग दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. मी तिच्यात कॅन धरला. ओंजळ भरली आणि पाण्यावर बारीक लाटा उठत राहिल्या, कडेकडेनं थेंब गळत राहिले. वारा नव्हता. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

"ही थरथर मात्र माझी," आबा म्हणाले.

त्यांनी तोंड धुतलं, टॉवेलानं पुसलं. खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "इथून तू घे. गावात गर्दी असती."

मी म्हणाले, चालवा ना, घर येईपर्यंत. ते तोवर डावीकडचं दार उघडून बसलेही होते. मागं नाही, पुढं. मी गाडी रस्त्यावर घेतली. हर्सूल आलं, रिक्षा आल्या, पहिला सिग्नल लाल झाला आणि मी हलकेच ब्रेक दाबला. आबा माझ्या हातांकडं बघत होते.

"कापतंय का?"

"नाही, आबा."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, पुढच्या डाव्या चाकात हवा बघून घे उद्या, कमी झाल्यासारखी वाटती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. कमी झाली होती.